स्वस्त ठेकेदार कुणाच्या सोयीचा?

प्रयागचा कुंभ माघात भरतो, आमचा सिंहस्थ श्रावण-भाद्रपदात. त्यामुळे नाशिकच्या नव्या रस्त्यांची परीक्षा भर पावसात आणि पाहुण्यांच्या देखत होते. या खेपेचं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे. घाट, पूल, रस्ते यांच्या निविदा म्हणूनच नाशिककरांनी जरा निरखून वाचायला हव्यात.

निविदेत लिफाफे दोन. पहिल्यात उलाढाल, यंत्रसामग्री, पूर्वानुभवाचे दाखले. ते जुळले की सगळे ठेकेदार एका रांगेत. ज्याचा रस्ता दहा पावसाळे टिकला तो आणि ज्याचा पहिल्या पावसात उखडला तो, दोघांनाही ‘पात्र’ हा एकच शिक्का. मग दुसरा लिफाफा फुटतो आणि ‘वीस टक्के बिलो’वाला, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा वीस टक्के कमी दर भरणारा, काम घेऊन जातो.

हे वीस टक्के येतात कुठून? डांबर, खडी, डिझेल कुणालाच फारसं स्वस्त मिळत नाही. मग कात्री लागते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी. 40 मिलिमीटरचा थर 30 वर येतो. मिश्रणात जेमतेम पाच टक्के असलेलं डांबर आणखी थोडं कमी होतं. लांबून आलेला माल डंपरमध्येच थंडावतो आणि त्यावर रोलर कितीही फिरवला तरी दबाई बसत नाही. उद्घाटनाच्या दिवशी रस्ता काळाभोर दिसतो. पोकळ्यांत पाणी शिरलं की आषाढात खडी सुटू लागते. फार खालचे दर आले तर सरकार जादा अनामत मागतं, पण त्यातून ठेकेदाराचा खिसा कळतो, हात नाही.

तरीही ही पद्धत टिकली, कारण ती अधिकाऱ्याला वाचवते. कमी दरवाल्याला काम दिलं तर ऑडिटचा आक्षेप सहसा येत नाही. चांगल्याला चार पैसे जास्त दिले की ‘संगनमत’ झालंच. नगरसेवकाच्या मेव्हण्याला कामं मिळू नयेत म्हणूनच कधीकाळी ही कुंपणं घातली गेली, हेही खरं.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता आठवा. सत्तरच्या दशकात तो ‘रेकॉन्डो’ या कंपनीकडून करून घेतला गेला, दहा वर्षांच्या हमीवर. हमी संपल्यावरही रस्ता कित्येक वर्षं टिकला आणि त्याची दंतकथा झाली. त्या दंतकथेतली अडचणीची बाजू मात्र आपण सोडून देतो: ते काम रीतसर निविदा न काढता दिलं होतं. ते योग्य हातांत पडलं, म्हणून आपण कौतुक करतो. तीच मोकळीक प्रत्येक स्थायी समितीला द्यायची माझी तरी तयारी नाही.

केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये मधली वाट दाखवली. ठरावीक कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यायचे, पण 30 टक्क्यांपर्यंतच. वाट चांगली आहे. पण हे गुण सादरीकरण पाहून दिले, तर देखणी फाइल करणारा जिंकेल. गुण मिळावेत ते जुन्या कामाच्या मोजमापाला: थराची जाडी, दबाई, दोष दायित्व कालावधीत, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायच्या मुदतीत, त्याला किती वेळा बोलावावं लागलं आणि तो किती दिवसांत आला. मध्येच कुणी पाइपलाइनसाठी रस्ता खोदला असेल तर तीही नोंद हवी, नाहीतर निर्दोष ठेकेदार भरडला जातो आणि लबाडाला आयती सबब मिळते.

मोजायची सोय नाही, असं निदान नाशिकने तरी म्हणू नये. दिंडोरी रोडवर ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, 1959 पासून आहे. रस्त्याचा गाभा कापून काढून तपासणं ही काही अवघड विद्या नव्हे. अवघड आहे ते निकाल ठेकेदाराच्या नावासह चव्हाट्यावर मांडणं आणि पुढची निविदा उघडताना तो कागद टेबलावर ठेवणं.

महापालिकेने तो स्वतःहून ठेवला तर उत्तमच. तोवर आपल्या गल्लीतल्या रस्त्याचा कार्यादेश, चाचणी अहवाल आणि दोष दायित्वाची अखेरची तारीख माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात.