रिकामा रकाना

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी मंडळी चोपडी पुजतात. माझ्यासारख्या मास्तराजवळ चोपडी कुठली? गुणांची वही हीच आमची खातेवही. ती मी पुजीत नाही. पण दरवर्षी या दिवसांत एकदा उघडतो, आणि तिच्यातील एक पान मला अजून बोचते.

मी राहतो सावेडीला, नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, उपनगरात. आणि शिकवायला जातो पाथर्डीच्या बाजूला. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि गणिताशी सख्य त्याहूनही बेताचे. कादंबऱ्या लिहिणारा माणूस आकड्यांना थोडा भितोच. म्हणून शाळेत संगणक आला आणि गुण भरताक्षणी सरासरी आपोआप उमटू लागली, तेव्हा सर्वांत अधिक आनंद मला झाला.

त्या वर्षी पहिल्या सत्रात माझ्या वर्गात ३० मुले होती आणि सरासरी होती ४६. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस ती ५१ झाली. पाच गुणांची वाढ! शिक्षकांच्या बैठकीत माझ्या वर्गाचे कौतुक झाले. मी विनयाने मान खाली घातली. त्या विनयाखाली छाती चांगली फुगली होती, हे आज कबूल करतो.

पुढे वैशाखाच्या उन्हात एक मुलगा शाळेच्या फाटकापाशी भेटला. दिवाळी होताच तो आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला होता, तो आता परतला होता. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. त्याने विचारले, “गुरुजी, माझा कितवा नंबर आला?”

“तू परीक्षेला नव्हतास रे,” एवढेच मी म्हणालो. तो “बरं” म्हणून निघून गेला.

घरी येऊन मी वही काढली. त्याच्यासह पाच मुले तोडीला गेली होती. पहिल्या सत्रात त्या पाचांचे मिळून १०५ गुण होते आणि मागे राहिलेल्या २५ जणांचे १२७५. पंचविसांनी भागून पाहिले. उत्तर आले ५१! म्हणजे ही पंचवीस मुले दिवाळीपूर्वीही एक्कावन्नावरच होती. सहा महिन्यांत माझ्या शिकवण्याने वर्गाची सरासरी एका गुणानेही हलली नव्हती. वर्गातून पाच गरीब मुले वजा झाली होती, आणि त्या वजाबाकीबद्दल माझे कौतुक झाले होते.

यात संगणकाची चूक नव्हती. रिकामा रकाना तो मोजीतच नाही. त्याची रचनाच तशी आहे. त्या पाच जागी मी शून्य भरले असते, तर सरासरी ४२.५ वर आली असती. पण तेही खोटेच. शून्य म्हणजे परीक्षेला बसून काहीच न येणे; रिकामा रकाना म्हणजे बसायलाच न मिळणे. हा भेद यंत्राला कळत नाही. तो आकडा वाचणाऱ्याने ओळखावयाचा असतो.

मग आकड्यांवरचा विश्वासच टाकावा काय? तेही मला पटत नाही. पूर्वी पिकाची आणेवारी नजरेने ठरे. पाहणारा कोणत्या शेताच्या बांधावर उभा राहिला, यावर गावाचे पीक सोळा आण्यांपैकी किती, हे अवलंबून असे. १९४० नंतरच्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी वेगळी रीत रुजवली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडायची, शेतातला तुकडाही तसाच निवडायचा, तेवढे पीक कापून त्याचे वजन करायचे. रस्त्याकडेच्या हिरव्यागार शेताची आणि माळावरच्या करपलेल्या शेताची मोजले जाण्याची शक्यता अशी सारखी झाली. मला तर हा न्यायच वाटतो. माझ्या वर्गात नेमके उलट झाले होते. करपलेले शेत मोजणीतून सुटले होते.

याच सुखात्म्यांचा पुढे एका थोर अभ्यासकाशी वाद झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली देशातील दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील इतकाही खर्च न झेपणारे, अशी कसोटी लावून, १९६०-६१ मध्ये खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात होते, असे त्यांनी दाखवले. सुखात्म्यांची हरकत अशी, की सरासरी गरज ही काही प्रत्येकाची गरज नव्हे. ती माणसागणिक निराळी असते आणि एकाच माणसाची दिवसागणिक बदलते. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरता येत नाही.

हा वाद आकडेमोडीचा दिसतो. मला मात्र त्यात एक नीतीचा प्रश्न दिसतो. मोजताना चुकावयाचेच असेल, तर कोणत्या बाजूला चुकावे? पोट भरलेला माणूस भुकेल्यांत धरला गेला, तर थोडे धान्य वाया जाईल. भुकेला मोजणीतून सुटला, तर त्याचे नावच पुसले जाईल. शास्त्राने पहिली चूकही टाळावी, हे सुखात्म्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण दुसरी चूक माझ्या हातून झाली आहे, आणि तीच मला अधिक भिववते.

आम्ही मुलांना सरासरी शिकवतो. बेरीज करा, संख्येने भागा. पण ज्या संख्येने भागले तिच्यात कोण आले आणि कोण राहिले, हे विचारायला शिकवीत नाही. मला ते एका मुलाने शिकवले, तेही नंबर विचारून.

आता निकालपत्रकात सरासरीच्या शेजारी मी आणखी दोन आकडे लिहितो. वर्गात किती आणि परीक्षेला किती. खाली गेलेल्या मुलांची नावे लिहितो. यंदाही फराळाचे डबे रिकामे होण्यापूर्वी तोडणीच्या गाड्या निघतील आणि मागच्या बाकांवर जागा होईल. नावे लिहिल्याने मुले परतत नाहीत, हे मला कळते. पण ती परततील आणि विचारतील, तेव्हा निदान मला वही शोधत बसावे लागू नये.