‘भ्रष्ट’ कोणास म्हणावें?

‘भ्रष्टाचार’ हा शब्द चावडींत व बाजारांत वारंवार ऐकूं येतो. परंतु कायदा त्याचा अर्थ काय करितो, याचा विचार थोडेच करितात. भ्रष्ट म्हणजे आपल्या जागेवरून ढळलेला. लोकांच्या कामाकरितां सोंपविलेला अधिकार स्वतःच्या लाभाकडे वळविणें, हें तें ढळणें होय.

आतां असें पाहा कीं, घेणारा तर ढळला. पण देणाऱ्याचें काय?

आपला नगर जिल्हा पूर्वीं ज्या मध्य विभागांत मोडत असे, त्याचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांजवर सन १८८८ सालीं लांच घेतल्याचे आरोप आले. आपण पैसे दिले, अशी साक्ष कित्येक मामलेदारांनीं दिली. कारण खरें सांगणारास मुंबई सरकारनें अभय दिलें होतें. चौकशीमंडळानें लांचेचे आरोप शाबीत धरिले नाहींत. तथापि विभागांतील लोकांकडून कर्जें काढल्याबद्दल क्रॉफर्ड यांची नोकरी गेली. मग प्रश्न उठला कीं, ज्यांनीं स्वतः लांच दिली, त्यांनीं रयतेचा न्याय कसा करावा? लोकमान्य टिळकांनीं मामलेदारांची बाजू घेतली. १८८९ सालीं त्यांच्या बचावाचा कायदाही झाला. तरी त्यांतील कांहींच्या जागा गेल्याच.

आजचा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा असून २०१८ सालीं त्यांत दुरुस्ती झाली. त्याप्रमाणें सरकारी नोकरानें हक्काच्या वेतनाखेरीज घेतलेला गैर लाभ पैशाचाच असला पाहिजे असें नाहीं; तांदुळाचें पोतेंही त्यांत येतें. काम रास्त केलें, तरी त्यासाठीं असा लाभ घेणें हाच गुन्हा. लांच देणाराही अपराधी होय. मात्र ज्यास बळजबरीनें द्यावी लागली, त्यानें सात दिवसांच्या आंत पोलिसांस अथवा चौकशी करणाऱ्या खात्यास कळविल्यास त्यास दोष लागत नाहीं.

या सात दिवसांत मोठा बोध आहे. नडलेला मनुष्य आणि दुसऱ्याची पाळी विकत घेणारा मनुष्य हे बाहेरून सारखेच दिसतात; दोघांच्याही हातून पैसा जातो. परंतु नडलेल्यास ती गोष्ट उघड व्हावी असें वाटतें, आणि विकत घेणारास ती झांकून राहावी असें वाटतें. मामलेदारही अभय मिळेपर्यंत गप्पच होते. आणि तोंवर जो भार वाढला, तो अखेर गरीब रयतेवरच पडला असेल, हें सांगावयास नको.

म्हणून दाखल्यासाठीं कोणी हात पुढें केला, तर ‘सर्वच देतात’ असें म्हणून उगें राहूं नका. कोणी किती मागितलें, तें त्याच दिवशीं लिहून ठेवा, आणि दोघां शहाण्या मनुष्यांस बरोबर घेऊन तक्रार करा.