अंधाराचा पंचनामा

7 ऑक्टोबर 2025 ला राज्य सरकारने अतिवृष्टी आणि पुराच्या मदतीसाठी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मला मामाचा फोन आला. मी तेव्हा सोलापुरात घरीच होतो, वर्क फ्रॉम होम चालू होतं.

"तुला एक फोटो पाठवलाय बघ. शेजारच्या घरातला हाय, गुडघाभर पाणी. आपलं घर म्हणून लावता येतंय का बघ की. फोटोत जागा-तारीख बी असती म्हणं, ती बदलता येती का?"

मी म्हटलं, "मामा, तुमच्या घरात पाणी आलं नव्हतं ना?"

"पाणी न्हाई आलं. पर वाटोळं तर झालंच की रे."

त्या फोनला आता बरेच दिवस झाले. पण मामाचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पाणी आलं नाही, तरी वाटोळं झालं. असं होऊ शकतं का? आणि झालं असेल तर त्याचं कोण कुणाला देणं लागतं?

आधी मामाचं काय झालं ते सांगतो. त्याचं गाव मोहोळ तालुक्यात, सीना नदीपासून थोडं उंचावर. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीनेला जे पाणी आलं ते तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद झाला होता. गावाचा खालचा अर्धा भाग पाण्यात गेला, वरचा अर्धा वाचला. मामाचं घर वरच्या भागात. पण नदीकाठचे पोल आडवे झाले, डीपी पाण्यात गेली आणि सगळ्या गावाची लाईट गेली. घरातली लाईट अकरा दिवसांनी आली, थ्री फेज सोळा दिवसांनी.

मामाची पिठाची गिरणी आहे. गिरणीची मोटर थ्री फेजवर चालते. म्हणजे सोळा दिवस गिरणी बंद. दिवसाला साधारण पाचशे रुपये धरले तर आठ हजार गेले. दोन म्हशी आहेत, बारा लिटर दूध निघतं. गावातल्या संकलन केंद्रातलं दूध थंड ठेवायचं मशीन बंद पडलं, जनरेटरचं डिझेल संपलं, रस्ता तर बंदच. आठ दिवस दूध कुणी घेतलं नाही. मामाने ते शाळेत राहायला आलेल्या खालच्या आळीतल्या लोकांना वाटलं. त्याचा हिशोब तो सांगत नाही, पण मी केला: चार हजारांच्या वर जातो.

मामीला शुगर आहे, इन्सुलिन घेते. फ्रिज बंद पडल्यावर तिने बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माठातल्या पाण्यात सोडली. अकरा दिवसांनी त्या बाटलीत औषध उरलं होतं की नुसतं पाणी, हे तिलाही माहीत नाही आणि मलाही. नवरात्र चालू होतं. घटापुढचा दिवा सोडला तर रात्री घरात दुसरा उजेड नव्हता आणि त्यासाठी तेल पुरवून वापरावं लागत होतं.

आता मदतीचा हिशोब बघा. घरात पाणी शिरलं असेल तर दहा हजार. दुकानाचं नुकसान झालं असेल तर पन्नास हजारांपर्यंत. दुभतं जनावर दगावलं तर 37,500. शेतातली माती खरडून गेली तर हेक्टरी 47,000 रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत. मामाच्या घरात पाणी शिरलं नाही. गिरणीचा दगडसुद्धा हलला नाही. म्हशी जिवंत आहेत. थोडक्यात, पंचनाम्यात त्याचं नुकसान शून्य.

मी ज्या कंपनीत आहे तिथे विम्याचे दावे तपासणारं सॉफ्टवेअर बनतं. 'नुकसान इतक्या टक्क्यांच्या वर असेल तरच पुढे जा' असल्या अटी लिहिणं हेच माझं रोजचं काम. म्हणून पंचनाम्याची मला लगेच चीड येत नाही. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त हवं, पक्क्या घराची पडझड किमान 15 टक्के हवी, असे आकडे सरकारी निकषांत आहेत. पिकासाठी 2015 पर्यंत तर 50 टक्क्यांची अट होती. 32 टक्केवाल्यावर अन्याय होतो हे खरंच. पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते. ओढली नाही, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव यादीत पहिलं येतं.

रेघेच्या बाजूने आणखी एक कारण सांगतात आणि ते बरोबर वाटतं. सरकार पैसे देतं ते लोकांचे, त्यामुळे जे डोळ्यांनी दिसतं, ज्याचा फोटो निघतो त्यालाच दिले पाहिजेत. पडलेली भिंत दिसते. मेलेली म्हैस दिसते. 'माझी सोळा दिवसांची कमाई गेली' हे दिसत नाही, ते कुणीही म्हणू शकतं.

मीही बरेच दिवस असाच विचार केला. मग लक्षात आलं की यात एक गडबड आहे. घरात पाणी किती शिरलं होतं हे चार दिवसांनी भिंतीवरच्या ओलीवरून ठरवतात, शेजाऱ्यांना विचारून ठरवतात. विजेचं तसं नाही. कुठला फीडर किती वाजता बंद पडला आणि किती वाजता सुरू झाला याची नोंद असते. वर्षभरात एका ग्राहकाची वीज सरासरी किती मिनिटं गेली याचा आकडा वीज वितरण कंपन्यांना नियामक आयोगाला द्यावाच लागतो. कोणत्या फीडरवर कोणते ग्राहक, हेही माहीत असतं. म्हणजे पुरात झालेल्या सगळ्या नुकसानांपैकी ज्याचा पुरावा सगळ्यात पक्का आहे, ज्यासाठी तलाठ्याला गावात यायचीसुद्धा गरज नाही, तेच नुकसान आपण 'दिसत नाही' म्हणून सोडून देतो. खरं तर ते दिसतं. ते बघायचं असं अजून कुणी ठरवलेलं नाही, एवढंच.

मग कायद्यात बघितलं. 2003 च्या वीज कायद्यातल्या कलम 57 नुसार, ठरवलेल्या वेळेत सेवा मिळाली नाही तर ग्राहकाला भरपाई मिळू शकते. पण आयोगाच्या नियमांत पूर, वादळ, वीज कोसळणं अशा आपत्तींना सूट आहे. यातही मला अन्याय दिसत नाही. छातीभर पाण्यात उतरून तारा ओढणाऱ्या वायरमनला 'उशीर का केला' असं कोण विचारणार? वीज कंपनी म्हणते, आपत्ती होती, आमची चूक नाही. बरोबर. आपत्तीची मदत म्हणते, तुमचं काही मोडलं नाही. तेही बरोबर. ही दोन बरोबर उत्तरं एकमेकांना जिथे भिडत नाहीत, नेमकं तिथे मामा उभा आहे.

माझ्या मते खरा प्रश्न इथे सुरू होतो. ज्यात कुणाचीच चूक नाही, अशा नुकसानीचं कुणी कुणाला देणं लागतं का?

सरकारी कागदावर या मदतीला 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. लहानपणापासून हा शब्द ऐकलाय, पण तो फोडून कधी पाहिला नव्हता. स-अनुग्रह. कृपेने दिलेलं. कृपा करणाऱ्याला तुम्ही हिशोब विचारू शकत नाही. मिळालं तर हात जोडायचे, नाही मिळालं तर गप्प बसायचं.

पण आपल्याच भागाचा इतिहास पाहिला तर दिसतं की कृपेची ही रेघ लोकांनी आधीही सरकवली आहे. 1876 चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यात भयंकर होता. इंग्रज सरकारने कामं काढली, पण गरज खरी आहे का हे तपासायला कामं मुद्दाम गावापासून लांब ठेवायची, असं धोरण होतं. उपाशी माणूस चालत येईल तरच तो खरा उपाशी. 1877 मध्ये रिचर्ड टेम्पलच्या सल्ल्याने मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. लोकांनी कामं सोडून याला विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, 1972 च्या दुष्काळात, महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली. वि. स. पागे यांचं नाव त्या योजनेशी कायमचं जोडलेलं आहे. 1977 मध्ये तिचा कायदा झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिलं नाही, तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. कृपा संपली, हमी आली. पुढे 2005 मध्ये साऱ्या देशासाठी जो कायदा झाला, त्याच्या मागे हाच अनुभव होता.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दुष्काळात काहीच मोडत नाही. भिंत पडत नाही, पत्रा उडत नाही, फोटो काढला तर फक्त मोकळं रान दिसतं. तरीही 'हाताचं काम जाणं' हे नुकसान आहे, असं या राज्याने मान्य केलं. मग थ्री फेज नसल्याने सोळा दिवस हाताचं काम जाणं वेगळं कसं? 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही मदतीच्या किमान निकषांमध्ये जीवितहानी आणि घरांबरोबर उपजीविकेची साधनं पुन्हा उभी करणं हा शब्दप्रयोग आहे. 1972 मध्ये शेतमजुराचं साधन पाऊस होता. मामाचं साधन वीज आहे. सोलापुरातल्या यंत्रमागावर पीस रेटने टॉवेल विणणाऱ्याचंही तेच आहे.

हे जगात कुठे होतच नाही असंही नाही. जून 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वादळ झालं, झाडं पडून डोंगरी भागातली वीज कित्येक दिवस गेली. तेव्हा दीर्घकाळ वीज नसलेल्या घरांना आठवड्याला 1,680 डॉलर, जास्तीत जास्त तीन आठवडे, अशी मदत देण्यात आली. घर पडलंय का, हा त्या मदतीचा प्रश्नच नव्हता. वीज किती दिवस नाही, एवढाच होता. आपल्याकडे 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमधली कितीतरी गावं काही आठवडे अंधारात होती. पूर्ण पडलेल्या घरांची मदत 95,100 वरून दीड लाख केली गेली, बागांचे, बोटींचे, जाळ्यांचे दर ठरले. तीही घर आणि वस्तूंचीच यादी होती.

तुम्ही विचाराल, याला शेवट कुठे? उद्या पुण्यात चार तास लाईट गेली आणि माझी मीटिंग बुडाली, तर मलाही पैसे? नाही. रेघ इथेही लागेल. सात दिवस म्हणा, ज्यांचं पोट किंवा औषध विजेवर आहे असे म्हणा. पैसे मर्यादित आहेत आणि ज्याची माती वाहून गेली त्याचा नंबर आधी, यात मला शंका नाही. मामालाही नाही. "ज्याचं रानच गेलं त्याच्यापुढं मी कशाला रडू?" हे त्याचंच वाक्य आहे. पण नंबर शेवटचा असणं आणि रांगेतच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता त्या फोटोचं.

फोटोतली जागा आणि तारीख बदलायला मला पाच मिनिटं लागली असती. मी ते केलं नाही. त्याऐवजी मामाला यूपीआयने दहा हजार पाठवले. अर्ध्या तासात ते परत आले. फोन करून म्हणाला, "तू कशापायी देतोस? तू काय लाईट घालवली व्हय?" तेव्हा मला वाईट वाटलं. नंतर कळलं की तो माझ्याहून नीट विचार करत होता. भाच्याचे पैसे म्हणजे उपकार. त्याला उपकार नको होते. आपलंही नुकसान झालं हे कुणीतरी लिहून घ्यावं, असं त्याला वाटत होतं. आणि ते लिहून घेण्याचा दुसरा रस्ता दिसेना, म्हणून त्याने तो फोटो पाठवला होता.

खोटं बोलू नये म्हणून मी नकार दिला, असं म्हणणं सोपं आहे. पण ते पूर्ण खरं नाही. निकषात न बसणाऱ्या गरजू माणसाने खोटं बोलावं की नाही, यावर त्याला शिकवायचा हक्क महिन्याला पगार येणाऱ्या मला आहे असं वाटत नाही. माझं कारण दुसरं होतं. तो फोटो लागला असता तर मामाला दहा हजार मिळाले असते आणि कागदावर कायमचं नोंदलं गेलं असतं की त्याच्या घरात पाणी शिरलं होतं. सोळा दिवसांची बंद गिरणी, वाटलेलं दूध, माठातली बाटली यातलं काहीच कुठे आलं नसतं. पुढच्या पुरात निकष पुन्हा ठरतील तेव्हा हीच नोंद समोर येईल: पाण्याने नुकसान झालं, अंधाराने कुणाचंच झालं नाही. खोट्या फोटोने मामाचा फायदा झाला असता, पण खरं नुकसान आणखी खोल बुडालं असतं.

म्हणून आम्ही अर्ज लिहिला. एक पान. लाईट गेल्याची तारीख, आल्याची तारीख, गिरणीच्या वहीतला रोजचा हिशोब, दुधाची लिटरं, मामीच्या औषधाची चिठ्ठी. मागणी कुठल्या योजनेत बसते ते लिहायची जागा रिकामी ठेवली. कार्यालयात ज्यांनी तो घेतला ते शांतपणे म्हणाले, "याला हेड नाहीये." मी म्हटलं, "माहीत आहे, फक्त पोच द्या." त्यांनी शिक्का मारून दिला.

अजून उत्तर आलेलं नाही. मामा माझ्याशी काही दिवस तुटकच बोलत होता. फोटो लावलेल्या एकाच्या खात्यात पैसे आल्याचं त्याने मला दोनदा सांगितलं. मी काय बोलणार? दिवाळीला गेलो तेव्हा गिरणी चालू होती आणि भाजणी दळायला बायकांची रांग लागली होती. गल्ल्याच्या खणात त्या महिन्याचं लाईट बिल होतं, सोळा दिवस बंद असूनही स्थिर आकार पूर्ण लागलेला. त्याच टाचणीला अर्जाची पोच लावलेली होती.

"हे कशाला ठेवलंय?" मी विचारलं.

"राहू दे की," मामा म्हणाला. "पुढच्या टायमाला लागंल."