गाडी नवी, हौद्यातला माणूस जुनाच

महापालिकेच्या आवारात नव्या कचरागाड्या रांगेत उभ्या राहतात. काचेवर झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, हिरवा झेंडा, फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलीच एखादी घंटागाडी आपल्या गल्लीत येते तेव्हा मागच्या हौद्यात, कचऱ्यावरच, एक माणूस उभा असतो. खालून आलेली बादली तो उपडी करतो आणि भाजीच्या देठांतून, चहाच्या चोथ्यातून, वापरलेल्या डायपरमधून प्लॅस्टिक हातानं वेगळं काढतो. गाडी सीएनजीवर धावते म्हणून ती आधुनिक. इंजिन बदललं की आपलं समाधान होतं. हौद्यात डोकावून पाहायची आपल्याला सवय नाही.

इंधन बदलायलाच हवं, यात वाद नाही. कचऱ्याच्या गाडीइतक्या वाईट तऱ्हेनं डिझेल जाळणारं वाहन शहरात क्वचितच सापडेल. दहा पावलं जायचं, थांबायचं, इंजिन चालू ठेवून कचरा दाबायचा, पुन्हा दहा पावलं. अमेरिकेतल्या मोठ्या कॉम्पॅक्टर गाड्या लिटरला जेमतेम सव्वा किलोमीटर जातात. हीच चाल बॅटरीच्या गाडीच्या मात्र पथ्यावर पडते. ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते, रोजचा रस्ता ठरलेला असतो आणि रात्री डेपोत उभी असताना ती चार्ज करता येते. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, तेव्हा गल्लीतला धूर काही अंशी कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांकडे सरकतो, हेही खरं. तरीही मागच्या पायरीवर लोंबकळत जाणाऱ्या कामगाराच्या नाकातोंडात जाणारा धूर थांबतो, आणि माझ्या लेखी बॅटरीच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे. पर्यावरणाच्या परिसंवादांत तो शेवटी येतो, आला तर.

आपली खरी परीक्षा घेईल ती दुसरी सुधारणा, स्वयंचलित हाताची. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल शहरानं 1969 साली अशी गाडी रस्त्यावर आणली. चालक जागेवरून कळ दाबतो, गाडीच्या कुशीतून लोखंडी हात बाहेर येतो, रस्त्याकडेचा डबा कवटाळतो, वर नेऊन उपडा करतो आणि जागच्या जागी ठेवतो. कचऱ्याला कोणाचा हात लागत नाही. पण या यंत्राच्या अटी असतात. डबा ठरल्या मापाचा हवा. ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, तोंड ठरल्या बाजूला. झाकण लागलेलं, शेजारी मोटार नाही, दोन डब्यांत पुरेसं अंतर. एवढं झालं नाही तर यंत्र भांडत नाही, विनवण्याही करत नाही. पुढच्या दाराशी जातं. घरोघरची माणसं डबा नीट ठेवायला शिकली ती यामुळे.

आता आपल्याकडे पाहा. कचरा वेगळा करण्याची गोष्ट 2000 सालच्या नियमांत होती. 2016 च्या नियमांनी तर ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देणं प्रत्येक घराचं कर्तव्य ठरवलं. दारात येणारी मावशी वर्षानुवर्षं तेच सांगते, "ताई, ओलं-सुकं वेगळं द्या हो." उत्तर येतं, "मग तुला पैसे कशाचे मिळतात?" चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतून येतं. उद्या तो लोखंडी हात आला तर हीच घरं डब्याचं तोंड इंचाइंचानं जुळवून ठेवतील. माणसानं हात जोडून मागितलेलं नाकारलं, ते यंत्राला मुकाट देतील. यंत्राला खालचं मानता येत नाही ना!

कचरा कोणी उचलायचा हे आपल्याकडे जन्मानं ठरत आलं आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. तिच्यावर कितीतरी घरं तगली आहेत. ती काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण नोकरीबरोबर झाडूही वारशानंच मिळतो, आणि शहराला त्यात काही वावगं वाटत नाही.

गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांना ते वावगं वाटलं होतं. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम आपल्याला करू द्या अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून नकार मिळाला, तेव्हा त्यांनी उपोषण केलं. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात ते सोप्या संडासांचे आणि सोनखताचे प्रयोग करत राहिले. आधी घाणीत स्वतःचा हात घातला, मग कोणालाच तो घालावा लागू नये म्हणून साधन शोधलं. आपण पहिली पायरी गाळून थेट खरेदीवर येतो, म्हणून गाडीचा रंग, आवाज आणि जीपीएस पाहतो. तिच्यावर काम करणाऱ्याच्या खांद्याची उंची मोजत नाही.

यंत्र आलं की माणूस सुटला, असंही नसतं. कॉम्पॅक्टर हे एकेकाळचं आधुनिक यंत्रच. 1 फेब्रुवारी 1968 ला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय कामगार आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या भागात शिरले. बिघडलेलं यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघं त्यात चिरडले गेले. सुमारे 1,300 कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर एवढंच लिहिलेलं असे, मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभे राहायला गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिलला त्याच शहरात हत्या झाली. इकडे मुंबईत कचरा वाहणाऱ्या 2,700 कंत्राटी कामगारांना कायम नोकरीचा हक्क 2017 साली सर्वोच्च न्यायालयातून मिळवावा लागला. गाडी विकत घेता येते. हक्क तिच्याबरोबर येत नाही.

शिवाय स्कॉट्सडेलची गाडी जशीच्या तशी आपल्या पेठांत आणि चाळींत फिरणार नाही. दुतर्फा दुचाक्या लावलेल्या बोळात तो हात उघडायलाही जागा नाही. आपल्याला हवेत झाकणाचे, चाकांचे डबे, ते मागून उचलणारा लिफ्टर आणि बोळांसाठी बॅटरीवरच्या तीनचाकी. दाबणारी गाडी सुक्या कचऱ्याला तर लावूच नये. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे साडेतीन हजारांवर सभासद दारोदार कचरा गोळा करतात. त्यांत बहुतेक दलित स्त्रिया आहेत. पुठ्ठा, बाटली, पत्रा विकून त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग येतो. तोच माल ओल्यात दाबून चिखल केला की त्यांचं पोट मारलं जातं आणि शहराचं डंपिंगही भरतं. या बायकांनी आपल्याकडे मागितलं तरी काय? सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे हातानं उघडून पाहावं लागणार नाही.

पर्यायी इंधनाची वाटही याच स्वयंपाकघरातून जाते. इंदूरला फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून दिवसाला सुमारे 17 टन बायो-सीएनजी मिळावा अशी योजना आहे. शहराच्या उष्ट्यावर शहराच्या बस चालवायच्या. पण ओला कचरा कुजवणाऱ्या तिथल्या टाक्यांना काच, चिंध्या आणि प्लॅस्टिक चालत नाही. इंदूरनं आधी घराघरांतून कचरा वेगळा घ्यायची शिस्त बसवली, प्रकल्प त्यानंतर उभा राहिला. आपल्याकडे अनेक ठिकाणी आधी उद्घाटन होतं आणि मग मिश्र कचरा आत ढकलला जातो.

आणि अजूनही कित्येक कंत्राटांत पैसे टनावर मोजले जातात. ज्याला वजनाचे पैसे मिळतात त्याला कचरा कमी झालेला, वेगळा झालेला, वेचला गेलेला कसा परवडेल? राडारोडा आणि ओलावा त्याच्या फायद्याचा. तेव्हा नव्या गाड्यांच्या निविदेत वजनाऐवजी वेगळ्या मिळालेल्या कचऱ्यावर आणि घरांच्या संख्येवर पैसे हवेत. मिश्र बादली परत करण्याचा अधिकार कामगाराला लेखी हवा. आज हौद्यात उभ्या असलेल्यांना, त्यांतल्या स्त्रियांनाही, वाहन परवाना आणि लिफ्टर चालवण्याचं शिक्षण कंत्राटदाराच्या खर्चानं देऊन स्टिअरिंगची पहिली संधी त्यांनाच मिळायला हवी. आपल्या शहराच्या निविदेत यातलं काय आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात.