उद्या डब्याला काय?

रात्री जेवणं उरकतात, ओटा पुसून होतो आणि घराघरांत तोच प्रश्न येतो: उद्या डब्याला काय? विचारतं कुणीही, उत्तर मात्र एकीनेच द्यायचं असतं. भाजी कोणती, ती घरात आहे का, परवाच झाली होती का, धाकट्याला चालेल का, दुपारपर्यंत टिकेल का... दिवे मालवले तरी तिच्या डोक्यात हे चालूच असतं. सकाळी पोळ्या लाटण्याचे कष्ट निदान दिसतात. हा विचार कुणाला दिसत नाही, आणि माझ्या मते जास्त दमवतो तोच.

मुंबईत डबे पोचवण्याची व्यवस्था १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केली. तिच्यामुळे घरच्या बाईला एक सवड मिळाली, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. माणूस सकाळच्या लोकलने निघून गेला तरी डबा न्यायला डबेवाला मागाहून यायचा, म्हणून स्वयंपाकाला मधले दोन-तीन तास मिळत. आज दोघंही सातला बाहेर पडतात. डबा पाठीवरच्या पिशवीतूनच जातो, म्हणजे साडेसहाला तो भरलेला हवा. मधले तास गेले, पण ताज्या पोळी-भाजीची अपेक्षा आहे तशीच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांची ९७. यातला पुरुषांचा आकडा फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आहे, आणि तसा पुरुष चारांत जेमतेम एक निघाला. हे वाचलं की आठवड्याची तयारी आधी करून ठेवण्याचा विषय पाककृतींच्या पानापुरता उरत नाही.

यावर पहिली हरकत ठरलेली: म्हणजे शिळं खायचं? शिळ्याची भीती अगदीच खोटी नाही. आपल्या हवेत शिजवलेलं अन्न बाहेर राहिलं की लवकर बिघडतं. भाताच्या बाबतीत तर विशेष जपायला हवं. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. फोडणीचा भात करायचा असेल तर रात्रीचा भात परातीत पसरून निववावा आणि तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा. पण रविवारी पाच भाज्या शिजवून पाच डब्यांत भरून ठेवा, असं मी म्हणतच नाही. गुरुवारपर्यंत त्या भाजीकडे बघवत नाही. आपल्या स्वयंपाकघराला याहून चांगली रीत ठाऊक आहे: पदार्थ अर्ध्या वाटेवर आणून ठेवायचा आणि उरलेली वाट सकाळी चालायची.

भाजणी घ्या. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने हे सगळं भाजून दळून ठेवलं, की सगळ्यात वेळखाऊ काम झालेलं असतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ती महिनाभर सहज राहते. सकाळी कांदा किंवा किसलेला दुधी, तिखट-मीठ घालून मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं. धान्य, डाळ आणि भाजी एकाच थालीपीठात येतात. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून पाळलं. त्या निमित्ताने ज्वारी-बाजरीचे गुण पुन्हा सांगितले गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. घरात भाजणीचा डबा असेल तर ते गुण ताटात यायला वेगळं काही करावं लागत नाही.

मटकीचंही तसंच. शनिवारी सकाळी भिजत घालावी, रात्री उपसून फडक्यात बांधावी, रविवारी संध्याकाळपर्यंत मोड फुटलेले असतात. भिजल्याने आणि मोड आल्याने कडधान्यातलं लोह शरीराला मिळायला सोपं जातं, आणि डब्यात लिंबाची फोड ठेवली तर आणखीच. त्याच जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र ते लोह कमी शोषलं जातं, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. मोड फ्रिजमध्ये तीन-चार दिवस छान राहतात. एका सकाळी उसळ, दुसऱ्या सकाळी वाफवून कांदा-टोमॅटो घालून नाश्ता. इडलीचं पीठ एकदा आंबलं की आधी इडल्या कराव्यात, दोन दिवसांनी जरा आंबटसर झालं की आप्पे किंवा कांदा घालून उत्तप्पा. जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची चटणी बरणीत असली की साधी भाकरी किंवा पोळीही उणी वाटत नाही. ओल्या खोबऱ्याचं वाटण मात्र बाहेर टिकत नाही. ते छोट्या वाट्यांत गोठवून ठेवावं, आणि उन्हाळ्यात डब्याच्या भाजीत न घातलेलंच बरं.

भाज्यांना क्रम लागतो. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि सोमवारी-मंगळवारी संपवावी. गवार, घेवडा मोडून ठेवलेले मधल्या दिवसांत. शेवटाला दुधी, भोपळा, कोबी, कारण हे अख्खे असले तर आठवडा काढतात. सगळंच आधी चिरून ठेवण्याचा मोह होतो, पण चिरलेल्या भाजीतलं क जीवनसत्त्व कमी होत जातं, आणि चवही. दहीभाताची एक जुनी खूण सांगून ठेवते: सकाळी कोमट भातात दूध भरपूर आणि दही चमचाभरच घालायचं. डबा उघडेपर्यंत ते आपोआप विरजतं, आंबट होत नाही.

एवढी तयारी केली आणि तीही पुन्हा तिनेच एकटीने केली, तर काय मिळवलं? पाच सकाळचं ओझं एका रविवारी तिच्याच डोक्यावर ठेवलं, एवढंच. मला या तयारीचं मोल वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. मनातल्या मनात ठरलेला स्वयंपाक दुसऱ्या कुणाला करता येत नाही, कारण तो कुणाला ठाऊकच नसतो. तोच बेत कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावला, मोड कुठल्या डब्यात आहेत आणि पीठ कुठल्या पातेल्यात हे सगळ्यांना ठाऊक असलं, की सहाच्या गजराला कुणीही उठावं आणि कामाला लागावं. नवऱ्याला उसळ फोडणीला टाकता येते. आठवीतली मुलगी आणि सातवीतला मुलगाही थालीपीठ थापू शकतात. शनिवारी बेत ठरवायला सगळ्यांनी बसावं, हा माझा आग्रह आहे, कारण ‘मी मदत करतो’ म्हणणारा माणूससुद्धा ठरवण्याचं काम सहसा दुसरीवरच सोडतो.

पुण्या-बंगळुरात किंवा परदेशात एकट्याने राहणाऱ्यांची अडचण निराळी आहे. एका माणसासाठी रोज कढई चढवायचा कंटाळा येतो, मग नाश्ता बुडतो आणि दुपारी मिळेल ते पोटात जातं. त्यांनी दोनच गोष्टींपासून सुरुवात करावी, मोडाचं एखादं कडधान्य आणि घरची भाजणी. भाजणीचं पुडकं बहुतेकांच्या सामानात आई घालतेच. पुढच्या सुट्टीत ती स्वतः करून पाहावी, मुलग्यांनी तर नक्कीच: प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजायचं, धने सगळ्यात शेवटी, आणि पूर्ण निवल्यावरच गिरणीत न्यायचं.