प्रभुभोजन आणि शेजाऱ्याचा श्वास

ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी एक जेवण आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांसोबत भाकर मोडली, द्राक्षारसाचा प्याला सर्वांना दिला आणि माझ्या स्मरणार्थ हे करत राहा, असे सांगितले. प्रोटेस्टंट मंडळ्या याला प्रभुभोजन म्हणतात. कॅथलिकांच्या मिस्सामध्ये तेच पवित्र कम्युनियन. 2020 साली करोनाच्या महासाथीत या जेवणाचीच धास्ती वाटू लागली. एकत्र जमणे, एका प्याल्याला ओठ लावणे, फादरांच्या हातून जिभेवर भाकर घेणे, हे सगळे एकाएकी संशयास्पद झाले. तेव्हा जगभर वाद पेटला तो ‘श्रद्धा मोठी की आरोग्य मोठे’ असा. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. शेजाऱ्याचा जीव जपणे ही या भोजनात घातलेली तडजोड नव्हे. ती या भोजनाची पहिली अट आहे.

याला आधार खुद्द प्रेषित पौलाचा. करिंथच्या मंडळीत श्रीमंत लोक आधी येऊन पोटभर खात-पीत आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत. त्यावर करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल खडसावतो की, तुम्ही जे खाता ते प्रभुभोजनच नव्हे, एकमेकांसाठी थांबा. पंगतीतल्या दुबळ्याचे काय झाले, यावर त्याने भोजनाचा खरेखोटेपणा ठरवला.

पुढच्या काळात चर्चने दुबळ्यांची हीच काळजी निरनिराळ्या रीतींनी घेतली. 1576 मध्ये मिलानला प्लेगने वेढले. लोक घरांत कोंडले गेले. आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. लोक खिडकी-दारात उभे राहून मिस्सा ऐकू लागले. इंग्लंडमध्ये 1547 च्या कायद्याने सामान्य उपासकांना भाकर आणि प्याला दोन्ही मिळण्याचा हक्क दिला, पण निकडीच्या प्रसंगाचा अपवादही त्याच कायद्यात ठेवला. पावणेपाचशे वर्षांनी, करोनाकाळात, चर्च ऑफ इंग्लंडने त्याच अपवादाचा आधार घेऊन लोकांना फक्त भाकर दिली. भाकर आणि द्राक्षारस यांपैकी कोणत्याही एकात ख्रिस्त पूर्णपणे उपस्थित असतो, ही तर कॅथलिकांची जुनीच शिकवण. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू शोधल्यावर सामाईक प्याल्याची चिंता वाढली आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रत्येकासाठी वेगळी, छोटी पेली आली.

मात्र महासाथीत प्याल्याकडे पाहता पाहता हवेकडे दुर्लक्ष झाले. 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट खोऱ्यातल्या गायकवृंदाने एका चर्चच्या सभागृहात तालीम केली. हजर होते 61 जण. त्यांतले 53 आजारी पडले, दोघे दगावले. दाटीवाटीने बसून बराच वेळ गाणे, याकडे तपासणाऱ्यांनी बोट दाखवले. आपल्याला सर्वांत निर्धोक वाटणारे स्तोत्रगायनच तेव्हा सर्वांत जोखमीचे होते. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमधली कॅथलिक चर्च पुन्हा उघडली तेव्हा ‘ख्रिस्ताचे शरीर’ आणि ‘आमेन’ हा संवाद सगळ्यांसाठी एकदाच, आधी म्हटला जाई. मग मास्क लावलेले फादर पुढे केलेल्या तळहातावर न बोलता भाकर ठेवत. त्या न बोलण्यात विधीचे काही कमी झाले नाही. समोरच्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर आपला श्वास जाऊ नये, एवढी काळजी त्यात होती.

आपल्याकडे मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि 12 एप्रिलचा ईस्टर मोबाइलच्या पडद्यावर झाला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली ती 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. मधल्या काळात पोप फ्रान्सिस रोजच्या मिस्सामध्ये आत्मिक कम्युनियनची प्रार्थना करत: भाकर हाती नसली तरी प्रभूला मनात बोलावण्याची. काही प्रोटेस्टंट कुटुंबांनी घरचीच भाकर पडद्यासमोर ठेवली. ती प्रभुभोजनाची ठरते का, यावर धर्मपंडितांनी भरपूर लिहिले. त्या वादाला मोल आहे, पण मला अधिक बोचतो दुसरा प्रश्न: ज्या आजीकडे मोबाइलच नव्हता तिच्यापर्यंत कोण पोचले? त्याच वर्षी आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरी थांबले. न जाणे हीसुद्धा भक्ती असू शकते, हे महाराष्ट्राने तेव्हा उघड्या डोळ्यांनी पाहिले. पण थांबलेल्यांची आठवण कोणी ठेवायची, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

याचे उत्तर ख्रिस्ती परंपरेत फार आधीपासून आहे. इसवी सन 150 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. त्यात तो सांगतो की, जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देत. गैरहजर माणूसही पंगतीतलाच, असे त्या छोट्या, छळ सोसणाऱ्या मंडळीने मानले होते.

पुढची साथ येईल तेव्हा गोंधळून जाण्यापेक्षा प्रत्येक मंडळीने आजच ठरवावे: खिडक्या उघड्या राहतील, गाणे मोकळ्या अंगणात होईल, भाकर तळहातावर दिली जाईल, वृद्ध आणि एकट्या सभासदांची यादी तयार असेल. आणि साथ नसतानाही, खोकला-ताप असेल तर रविवारी संकोच न करता घरी थांबा. तुमचा वाटा तुमच्या दारी आणून देणे हे मंडळीचे काम आहे.