मनगटावरचं कातडं

घड्याळाचा पट्टा बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे. घड्याळ मऊ फडक्यावर उपडं ठेवायचं, ओरखडा उठू नये म्हणून लगवर, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांवर, कागदी चिकटपट्टी लावायची आणि स्प्रिंग बार टूलचं दुभंगलेलं टोक पट्टा नि लग यांच्यामधल्या फटीत सरकवायचं. आतली बारीक काडी पोकळ असते. तिच्या पोटातली स्प्रिंग दबली की टोक आत जातं आणि पट्टा सुटतो. नवा पट्टा घेण्याआधी दोन लगमधलं अंतर तेवढं मोजायचं; बहुधा ते 18, 20 किंवा 22 मिलिमीटर भरतं. हल्ली पुष्कळ पट्ट्यांच्या काडीलाच इवलीशी खुंटी असते. ती नखाने ओढली की अवजारही लागत नाही.

कशाचा पट्टा लावायचा, हे मात्र इतक्या पटकन सुटत नाही.

अनेक जैन मंदिरांत चामड्याच्या वस्तू आत नेऊ देत नाहीत. कमरेचा पट्टा, पाकीट आणि त्यांच्याबरोबर घड्याळही बाहेर राहतं. काही हिंदू देवळांतही हाच नियम आहे. बाहेरून दोन्ही बंधनं सारखी दिसतात, पण त्यांच्या मुळाशी दोन निरनिराळे प्रश्न आहेत. एक प्रश्न हिंसेचा: हे कातडं कोणाच्या अंगावरून आलं, आणि ते यावं म्हणून कोणाचा जीव गेला? दुसरा विटाळाचा: ही वस्तू शुद्ध की अशुद्ध? चामड्याबद्दल बोलताना आपण हे दोन प्रश्न सर्रास एकात एक मिसळतो, आणि त्यात पहिल्याची धार जाते.

आधी विटाळाचा प्रश्न पाहू, कारण तो फार काळ टिकत नाही. देवापुढे कीर्तन रंगतं ते पखवाजाच्या साथीने. त्याच्या दोन्ही तोंडांवर कातडं मढवलेलं असतं आणि ते ताणून धरणारी वादीही चामड्याचीच. शंकर व्याघ्रचर्म पांघरतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानासाठी जे आसन सांगितलं आहे, त्यात दर्भ आणि वस्त्राबरोबर अजिन, म्हणजे मृगाचं कातडं आहे. तेव्हा कातडं जात्याच अपवित्र आहे, असं आपली परंपराच मानत नाही. विटाळ चिकटला तो माणसांना: मेलेलं ढोर ओढणाऱ्या महारांना, कातडं कमावणाऱ्या ढोर जातीच्या लोकांना, वहाणा शिवणाऱ्या चांभारांना. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचं आवाहन केलं, आणि स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरं आपणच पुरावीत असा ठरावही तिथे झाला. वस्तू वापरायची एकाने आणि तिची घाण वाहायची दुसऱ्याने, या व्यवस्थेच्या मुळावरच तो ठराव बोट ठेवत होता. देवळाच्या दारात पट्टा काढून ठेवणारा माणूस विटाळाच्या कल्पनेने तो काढत असेल, तर ही कल्पना त्याने खुशाल टाकून द्यावी. तिच्यामुळे एकाही जनावराचा जीव वाचलेला नाही.

हिंसेचा प्रश्न तसा झटकता येत नाही. बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या पाली विनयपिटकाच्या महावग्गात चामड्यावर एक अख्खा स्कंधक, म्हणजे प्रकरण, आहे. तो सुरू होतो सोण कोळिविसापासून. चंपा नगरीतल्या श्रीमंताचा हा मुलगा भिक्षू झाला आणि अनवाणी चंक्रमण, म्हणजे येरझारा, करता करता त्याच्या नाजूक तळव्यांतून इतकं रक्त गेलं की वाट लाल झाली. बुद्धाने त्याला एकपदरी वहाण वापरायची परवानगी दिली. मला एकट्याला नको, ती संघाला मिळाली तरच घालीन, असं सोण म्हणाला. परवानगी सगळ्यांना मिळाली.

याच स्कंधकात पुढे दुसरी गोष्ट येते. एका उपासकाच्या घरी ठिपक्याठिपक्यांचं देखणं वासरू होतं. तिथे नेहमी येणारा एक भिक्षू त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला आणि विचारल्यावर म्हणाला, याच्या कातड्याचा मला उपयोग आहे. उपासकाने वासरू मारलं आणि कातडं सोलून त्याला दिलं. भिक्षूने ते चीवराखाली लपवलं, पण वासराची आई, ती गाय, त्याच्या मागोमाग चालत राहिली. ही गाय तुझ्या मागे का लागली, असं सोबत्यांनी विचारलं. चीवरावर रक्त होतं. बुद्धाने त्याची कठोर निर्भर्त्सना केली आणि गाईचं कातडं वर्ज्य ठरवलं. अवंती-दक्षिणापथातल्या खडबडीत मुलखात मात्र मेंढी, बकरी आणि हरिणाच्या कातड्याची अंथरुणं भिक्षूंना पुढे चालू लागली.

त्या भिक्षूने सुरी हातात घेतली नव्हती. त्याने वासरू मारायलाही सांगितलं नव्हतं; नुसती इच्छा बोलून दाखवली होती. जैन विचारात हिंसेचे तीन प्रकार सांगतात: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान्यता देणं. दुकानाच्या काचेआडचा तांबूस पट्टा पसंत करणारं गिऱ्हाईक या तिसऱ्या पायरीवर तरी उभं असतंच. उलट दिगंबर मुनींची पिंछी, म्हणजे हातातला कुंचा, मोरपिसांचीच असते, पण ती पिसं मोराने आपोआप गाळलेली असावी लागतात. प्राण्याच्या अंगचं काहीच नको असा हा नियम नाही. ते कसं मिळालं, याला महत्त्व आहे.

गांधीजींनी चामड्याला हीच कसोटी लावली. त्याच विचाराने 1930च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं, ते नैसर्गिक मरणाने मेलेल्या गुरांचं कातडं कमावण्यासाठी. कत्तल टळावी आणि कातडं कमावण्याच्या कामाला मान मिळावा, हे दोन्ही हेतू त्यात होते. विटाळ आणि हिंसा या दोन्ही प्रश्नांना एकाच जागी भिडणारा असा प्रयत्न दुर्मीळच. आज बाजारातल्या पट्ट्यावर जनावर कसं मेलं याची नोंद नसते.

मग कृत्रिम चामडं घ्यावं? पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा, पट्टा घामाने वर्ष-दोन वर्षांत सोलपटतो आणि कचऱ्यात प्लास्टिकची भर पडते. क्रोमने कमावलेल्या कातड्याचं सांडपाणीही नदीला निर्मळ ठेवत नाही. त्यापेक्षा नायलॉनचा अखंड पट्टा बरा. ब्रिटिश संरक्षण खात्याने 1973 साली त्याचं मानक ठरवलं. तो दोन्ही काड्यांखालून ओवलेला असतो, त्यामुळे एक काडी तुटली तरी घड्याळ पडत नाही. स्टीलची चेन त्याहून टिकाऊ. तिच्या कड्या काढताना आतल्या बाजूला कोरलेल्या बाणाच्या दिशेने पिना ठोकाव्या आणि बकल मनगटाच्या मध्यावर राहील अशा बेताने दोन्हीकडून कड्या कमी कराव्या.

जुना चामडी पट्टा फेकून दिल्याने काही साधत नाही. ते वासरू परत येणार नाही. तो विरेपर्यंत वापरावा किंवा कोणाला तरी द्यावा. अनुमोदनाचा प्रश्न पुढच्या खरेदीच्या वेळी उभा राहतो, आणि तिथे डोळे फसतात. मगरीच्या नक्षीचा पट्टा बहुधा वासराच्या कातड्यावर ठसा उमटवून केलेला असतो. वरून कापड किंवा रबर दिसणाऱ्या काही पट्ट्यांना आतून चामड्याचं अस्तर असतं. म्हणून पट्टा उलटा करून बघावा आणि अस्तर कशाचं आहे, हे दुकानदाराला पैसे देण्याआधीच विचारावं.